आधी जाहिरातीतली पात्रता वाचा, मग प्रवेश घ्या: खान्देशातून दूरशिक्षणाची पदवी घेण्याचे पर्याय, पारखून

भुसावळच्या रेल्वेत ट्रॅकवर काम करणारा, चोपड्याच्या पतसंस्थेतला कारकून, शहाद्याची अंगणवाडी सेविका, शिरपूरच्या गिरणीतला सुपरवायझर, रावेरकडे केळीचं शेत सांभाळणारा बारावी पास. या सगळ्यांचा प्रश्न वरवर एकच दिसतो: नोकरी-शेती न सोडता पदवी कुठून घ्यावी? उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं आहे, कारण पदवी कशासाठी हवी ते वेगळं आहे. म्हणून इथे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आणि खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या हे तीन पर्याय पारखताना आधी नोकरीच्या बाजूने पाहिलं आहे, विद्यापीठाच्या बाजूने नंतर.

माहितीपुस्तिका हातात घेण्याआधी ज्या पदावर जायचं आहे त्याची मागची एखादी जाहिरात किंवा सेवाप्रवेश नियम मिळवा. त्यातली शैक्षणिक पात्रतेची ओळ आणि वयाची ओळ, या दोन ओळी शब्दन् शब्द वाचा. ‘कोणत्याही शाखेची पदवी’ असं असेल तर मुक्त विद्यापीठाची बी.ए. तितकीच चालते जितकी महाविद्यालयात बसून केलेली. ‘पूर्णवेळ’ किंवा ‘नियमित’ असा शब्द असेल, तर दूरशिक्षणाची पदवी कितीही चांगल्या गुणांची असो, अर्ज छाननीत बाद होऊ शकतो. ‘५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर’ असं असेल तर ५४ टक्क्यांचा काही उपयोग नाही. हे सगळं प्रवेशानंतर कळून काय करायचं?

वयाचं गणित

पदवीच्या उत्साहात सगळ्यात जास्त वेळा सुटते ती वयाची ओळ. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत वयाची कमाल मर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षं आहे. आता खुल्या प्रवर्गातल्या ३६ वर्षांच्या माणसाने तलाठी (आताचं पदनाव ग्राम महसूल अधिकारी) व्हायचं म्हणून आज बी.ए.ला नाव घातलं, तर निकाल हातात येईपर्यंत तो ३९ पार करतो. पदवी खरी, मेहनत खरी, पण त्या पदासाठी दार बंद झालेलं असतं. त्याच माणसाच्या खात्यात पदवीधरांसाठी बढतीचा किंवा मर्यादित विभागीय परीक्षेचा कोटा असेल, तर तीच बी.ए. त्याला दहा-पंधरा वर्षांच्या वाढीव वेतनश्रेणीत नेऊ शकते. म्हणजे पस्तिशीनंतर पदवीची खरी किंमत बहुतेक वेळा खात्याच्या आत असते. बाहेरच्या भरतीची आशा धरायची तर आधी बोटं मोजा.

रेल्वेचं उदाहरण भुसावळ विभागात रोजचं आहे. स्टेशन मास्तर, मालगाडीचा गार्ड (आता ट्रेन मॅनेजर म्हणतात) या पदांना पदवी लागते. बाहेरून येणाऱ्याला वयाची मर्यादा कडक असते. आत काम करणाऱ्याला विभागीय स्पर्धा परीक्षेत वेगळी सवलत मिळते. ट्रॅकमनने किंवा पॉइंट्समनने पदवी कुठल्या विषयात घ्यायची याची चिंता करू नये. जो विषय कमीत कमी अडखळत पूर्ण होईल तो घ्यावा. इथे विषयापेक्षा पूर्ण होणं महत्त्वाचं.

अंगणवाडी सेविकांच्या बाबतीतही तसंच. मुख्यसेविकेच्या सरळसेवा भरतीला पदवी लागते. ताईंचा दिवस पोषण आहार, नोंदवह्या आणि मोबाइलवरच्या माहितीत जातो. त्यांनी गणित किंवा संगणकाची पदवी धरून चारदा नापास होण्यापेक्षा मराठी, समाजशास्त्र असे विषय घेऊन तीन-चार वर्षांत मोकळं व्हावं.

शिक्षकांचं थोडं निराळं आहे. दूरशिक्षणाचा बी.एड. हा सगळ्यांसाठी नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांप्रमाणे तो प्राथमिक शिक्षणाचं प्रशिक्षण झालेल्या सेवेतल्या शिक्षकांसाठी, किंवा समोरासमोरच्या पद्धतीने मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे. नुसती बी.ए. झालेल्या, कुठे शिकवत नसलेल्या मुलीला ‘घरबसल्या बी.एड. करून देतो’ असं कुणी सांगत असेल, तर पैसे आणि दोन वर्षं दोन्ही धोक्यात आहेत.

खासगी क्षेत्रात स्पष्ट बोललेलं बरं. जळगावच्या एमआयडीसीत पाइप, ठिबक, चटई आणि डाळमिलच्या धंद्यात हिशेबाच्या जागेवर माणूस घेताना मालक आधी टॅली येतं का, जीएसटीचं विवरण भरता येतं का, ई-वे बिल काढता येतं का, हे विचारतो. पदवी त्यानंतर. तेव्हा अशा माणसाने बी.कॉम. जरूर करावं, पण त्यासोबत सहा महिन्यांचं हाताने केलेलं हिशेबाचं काम जोडावं. पतसंस्था आणि विकास सोसायट्यांत काम करणाऱ्यांसाठी बी.कॉम.ला सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. पदविकेची जोड दिली तर उपयोग दुप्पट होतो. नुसता एम.कॉम. केला आणि खतावणी जमत नसेल, तर त्याची किंमत भिंतीवरच्या फ्रेमपुरती.

आणि एम.बी.ए.? वीस वर्षं गिरणीत शिफ्ट सांभाळणाऱ्याला व्यवस्थापकाच्या जागेसाठी कंपनीनेच ‘पदव्युत्तर हवं’ असं सांगितलं असेल तर करावं. कॅम्पसमधून निवड होईल, पुण्यात मोठा पगार मिळेल, या आशेवर पस्तिशीत दूरशिक्षणाचा एम.बी.ए. करणं आम्हाला पटत नाही. कंपन्या ज्या एम.बी.ए.ला ती किंमत देतात तो पूर्णवेळ असतो.

दूरशिक्षणाने काय होतच नाही

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाच्या विनियमांत काही अभ्यासक्रम सरळ बंद आहेत: अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, फिजिओथेरपी, वास्तुकला, कायदा, कृषी, उद्यानविद्या, हॉटेल व्यवस्थापन आणि आणखी काही. पीएच.डी.ही दूरशिक्षणाने होत नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र यांसारखे आरोग्याशी जोडलेले विषयही यूजीसीने दूरशिक्षण आणि ऑनलाइनमधून काढले.

हे माहीत असणं का गरजेचं, ते ३ नोव्हेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून कळतं. चार अभिमत विद्यापीठांनी मान्यता नसताना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर न्यायालयाने टाच आणली. त्या पदव्यांवर वर्षानुवर्षं नोकरी आणि बढती घेतलेल्या लोकांना पुन्हा परीक्षेला बसण्याची पाळी आली. आजही ‘वर्किंग प्रोफेशनलसाठी घरून बी.टेक.’ अशा जाहिराती फिरतात. डिप्लोमावर काम करणाऱ्याला पदवी हवीच असेल, तर नोकरी करणाऱ्यांसाठी तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने (एआयसीटीई) मान्य केलेले, वर्गात हजेरी लागणारे कार्यक्रम पाहावेत. जवळच्या महाविद्यालयात तसा कार्यक्रम नसेल तर ती गोष्ट सोडून द्यावी, पण घरबसल्याच्या बी.टेक.वर पैसा घालू नये.

मुक्त विद्यापीठ, नाशिक

१९८९ साली राज्याच्या कायद्याने उभं राहिलेलं हे विद्यापीठ. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आपल्याकडे खेडोपाडी पोचलेलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय केंद्राकडे येतात. अभ्यासकेंद्रं इथल्याच महाविद्यालयांत चालतात, म्हणून रोजच्या कामासाठी नाशिक गाठायची गरज पडत नाही.

खान्देशातल्या बहुतेक प्रौढ विद्यार्थ्यांसाठी आमची पहिली पसंती हीच, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण भाषा. पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून समजतील अशा पद्धतीने लिहिलेली, आणि उत्तरपत्रिकाही मराठीत. दहावीनंतर पंधरा वर्षं पुस्तक हातात न घेतलेल्या माणसाला इंग्रजी-हिंदीतलं अर्थशास्त्र वाचायला लावलं तर पहिल्या सहा महिन्यांतच पुस्तक फडताळात जातं. घरी अहिराणी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीही थोडी लांबच असते, पण ती पंधरा दिवसांत अंगवळणी पडते.

दुबळी बाजू अभ्यासकेंद्राची. एकाच विद्यापीठाची दोन केंद्रं दोन टोकांची असू शकतात. एका ठिकाणी रविवारची संपर्क सत्रं नियमित होतात, केंद्र संयोजक फोन उचलतात. दुसऱ्या ठिकाणी सत्र फक्त वेळापत्रकावर असतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी घराजवळचं केंद्र डोळे झाकून निवडू नका. मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा: संपर्क सत्रं खरंच किती झाली, गृहपाठाचे गुण वेळेत वर गेले का, आणि परीक्षा केंद्र कुठे आलं. अक्राणी-धडगावच्या विद्यार्थ्याला तिसरा प्रश्न सगळ्यात महागाचा. परीक्षा नंदुरबारला किंवा शहाद्याला आली की घाट उतरून येणं, मुक्काम, खाणं, बुडालेली मजुरी, असा दर पेपरामागे खर्च बसतो. तो फीमध्ये धरून पाहा.

बारावी न झालेल्यांना ‘पूर्वतयारी’ करून पदवीकडे जाता येणं ही या विद्यापीठाची जुनी ओळख. तरीही आमचा सल्ला वेगळा आहे. दहावी झालेली असेल तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बारावी द्या, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून करा. एक वर्ष जास्त जातं खरं. पण बारावीची गुणपत्रिका स्वतःच कामाची असते. पोलीस शिपाई भरतीला ती लागते, अंगणवाडी सेविकेला ती लागते, आणि अनेक अर्जांत दहावी, बारावी, पदवी अशा तिन्ही रकान्यांतले गुण भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

इग्नू

१९८५ च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेलं, देशभर चालणारं विद्यापीठ. बदली होणाऱ्यांसाठी हे उत्तम. भुसावळहून बदली नागपूरला झाली, वरणगावच्या आयुध निर्माणीतून दुसऱ्या राज्यात गेली, तरी अभ्यासकेंद्र आणि परीक्षा केंद्र बदलून मिळतं, नाव टिकतं. पदव्युत्तर विषयांची यादी मोठी आहे. पुस्तकांचा दर्जा इतका चांगला की नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) आणि लोकसेवा आयोगाची तयारी करणारे, तिथे प्रवेश नसलेलेसुद्धा ती वाचतात. पण ती मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत. ज्याचं हिंदी वाचन चांगलं आहे त्याने बिनधास्त हिंदी माध्यम घ्यावं. लिहिताना मात्र मराठीच्या सवयीने ‘आणि’, ‘आहे’ शिरतं, तेवढा सराव आधी करावा.

इथे लोक परीक्षेत कमी आणि स्वाध्यायात, म्हणजे घरी लिहून केंद्रात जमा करायच्या उत्तरांत, जास्त अडकतात. निकालात स्वाध्यायाला साधारण ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के वजन असतं. दोन्हींत वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. पेपर ७० गुणांचा लिहिला पण स्वाध्याय दिलाच नाही, तर तो विषय अपूर्ण राहतो. चुका ठरलेल्या असतात. पहिली: मागच्या वर्षीचा प्रश्नसंच सोडवणं. प्रश्न दर वेळी बदलतात, जुन्या प्रश्नांची उत्तरं धरली जात नाहीत. दुसरी: बाजारात मिळणारी तयार उत्तरं छापून देणं. उत्तरं हाताने लिहिलेलीच लागतात. तिसरी, सगळ्यात चुटपुट लावणारी: जमा केल्याची पोचपावती न घेणं. वर्षभराने गुण दिसत नाहीत म्हणून केंद्रात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘पावती आहे का?’ पहिल्या पानाची, शेवटच्या पानाची आणि शिक्का मारलेल्या पावतीची मोबाइलवर छायाचित्रं काढून स्वतःलाच पाठवून ठेवा. मूळ उत्तरांची झेरॉक्स घरात ठेवा. पन्नास रुपये जातात, पण वर्ष वाचतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. आपल्याकडे जून म्हणजे मृग लागलेला, पेरणीची धावपळ. डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, रब्बीचं पाणी. शेती असलेल्या माणसाने एका सत्रात सगळे पेपर भरायचा हट्ट करू नये. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, ती सोय अशाच माणसांसाठी आहे. जूनला दोन, डिसेंबरला तीन असे पेपर वाटून घेतले तर जमिनीचंही नुकसान होत नाही. उन्हाळी परीक्षांबद्दल एवढंच: मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर असतो. दुपारचा पेपर असेल तर सकाळच्या गाडीने आधी पोचून सावलीत थांबा. उन्हातून धावत येऊन तीन तास लिहिता येत नाही.

खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या

या सरसकट वाईट नाहीत, हे आधी सांगतो. ऑनलाइन पदवी देण्यासाठी विद्यापीठाचं नॅक गुणांकन (दर्जाचं मूल्यांकन) किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतलं स्थान वरचं लागतं, नॅकची अट ४ पैकी ३.२६ ची आहे. चांगल्या ठिकाणी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, वेळेवर निकाल, प्रश्नाला उत्तर देणारी माणसं मिळतात. जो शहरात आहे, पगार बरा आहे, इंग्रजी वाचतो आणि ज्याला नियमित ढकलणारं कुणीतरी हवं असतं, त्याला हा पर्याय मुक्त विद्यापीठापेक्षा सोपा जाऊ शकतो. फी मात्र कितीतरी पट.

अडचण फीच्या वसुलीत असते. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेकदा वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. विद्यापीठाला पूर्ण रक्कम आधीच मिळते आणि हप्ते तुमच्या खात्यातून कापले जातात. दोन महिन्यांनी शिक्षण सोडलं तरी हप्ता थांबत नाही. थांबवला तर सिबिल खराब होतं आणि पुढे घराचं किंवा ट्रॅक्टरचं कर्ज अडतं. म्हणून सही करण्याआधी विचारा: पैसे विद्यापीठाच्या खात्यात जातात की दुसऱ्या कंपनीच्या? परताव्याचा नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लिहिलेला आहे का? फोनवर बोलणारा ‘समुपदेशक’ विद्यापीठाचा नोकर आहे की विक्री करणाऱ्या कंपनीचा? यूजीसीने २०२२ मध्ये बजावलं आहे की ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या पदव्या एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांना फ्रँचायझीवर देता येत नाहीत.

परीक्षा कॅमेऱ्यासमोर घरून द्यायची असते. सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे संध्याकाळी वीज जाते आणि नेटवर्क एका झाडाखालीच येतं, तिथून ती देऊ नका. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला नातेवाइकाच्या घरी, दोन कंपन्यांचं इंटरनेट आणि चार्ज केलेला लॅपटॉप घेऊन बसा. परीक्षा मध्येच तुटली तर त्याच क्षणी स्क्रीनचं चित्र काढून ई-मेल टाका. दुसऱ्या दिवशी फोनवर केलेल्या तक्रारीला आधार राहत नाही.

मान्यता कशी तपासायची

‘यूजीसी मान्य’ एवढं ऐकून थांबू नका. दूरशिक्षणाची मान्यता विद्यापीठाला एकदाच मिळत नाही. ती ठरावीक शिक्षणक्रमाला आणि ठरावीक सत्रांसाठी असते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर जा. तुमचं विद्यापीठ, तुमचं सत्र (जानेवारी-फेब्रुवारी की जुलै-ऑगस्ट) आणि तुमच्या पदवीचं नेमकं नाव, हे तिन्ही एकाच ओळीत दिसलं पाहिजे. त्या पानाची प्रत तारखेसह काढून ठेवा. पाच वर्षांनी कागदपत्र पडताळणीत कुणी शंका काढली तर प्रवेशाच्या वेळी मान्यता होती हे तुम्हीच दाखवू शकता.

सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून प्रवेशाला एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (डीईबीकडचा नोंदणी क्रमांक) लागतो. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो. दोन्ही स्वतःच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून, स्वतः काढा. दुकानदाराने सोयीसाठी त्याचाच नंबर टाकला की पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुमचा निकाल पाहायलाही त्याच्या दारात जावं लागतं.

दलालांची भाषा ओळखा. ‘मागच्या तारखेने प्रवेश’, ‘एका वर्षात तीन वर्षांची पदवी’, ‘परीक्षेला यायची गरज नाही’, ‘आमच्या राज्याबाहेरच्या विद्यापीठाचं केंद्र इथेच आहे’. खासगी किंवा दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाला आपल्याकडे दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र फ्रँचायझीवर चालवता येत नाही. यातलं एक जरी वाक्य कानावर पडलं तरी उठून यावं.

मान्यता असलेल्या पदवीबद्दल मात्र कुणी ‘ही बाहेरची पदवी, चालत नाही’ असं म्हटलं तर घाबरू नका. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राजपत्रात अधिसूचना काढली आहे आणि यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत. कार्यालयातल्या बाबूला ही दोन वर्षं सांगता आली की बोलणं वेगळ्या सुरात सुरू होतं.

नाव, वेळ आणि परवानगी

लग्न झालेल्या स्त्रियांच्या प्रवेशात सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा. समजा दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील सुनंदा भगवान’ आहे आणि आधारवर ‘सुनंदा राजेंद्र महाजन’. एबीसी आयडी आधारच्या नावाने निघतो, प्रवेश गुणपत्रिकेच्या नावाने मागितला जातो, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज अडकतो. कुणीतरी ‘काही होत नाही’ म्हणून सासरचं नाव टाकून देतं. पदवी त्या नावाने छापली जाते आणि भरतीच्या वेळी दहावी एका नावाची, पदवी दुसऱ्या नावाची, जोडणारा कागद नाही, असं होतं. उपाय दोनच. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राज्याच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात आधी करून घ्यायची आणि ते दोन्ही जोडून प्रवेश घ्यायचा. किंवा सगळी शैक्षणिक कागदपत्रं माहेरच्याच नावाने ठेवायची आणि राजपत्र हाताशी ठेवायचं. कुठलाही चालेल, पण प्रवेशाच्या आधी ठरवा. ‘महाजन’चं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर तेच आहे का, हेही बघा.

सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा रेल्वेच्या कर्मचाऱ्याने प्रवेशाच्या आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि पदवी झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी. परवानगीशिवाय केलेली पदवी विद्यापीठाच्या लेखी वैध असते, पण बढतीच्या फायलीवर कारकून तीच त्रुटी लाल शाईने लिहितो.

वेळेचा हिशेबही आकड्यांत करा. दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ४४ श्रेयांक असलेल्या पदवीचे १३२० तास होतात, म्हणजे आठवड्याला २५. पूर्ण नोकरी करणाऱ्याला तेवढे मिळत नाहीत. निम्मे मिळाले तरी आठवड्याला १२-१३ तास: रोज पहाटे दीड तास आणि रविवारी तीन. हेही जमणार नसेल तर पहिल्या वर्षी विषय कमी घ्या. नापास होऊन फी पुन्हा भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गांना नेट-सेटसाठी ५०), त्यामुळे प्राध्यापक किंवा ग्रंथपालपदाकडे नजर असलेल्याने गुणांसाठीच वेळ राखून ठेवावा. नुसतं पास होऊन भागत नाही.

निकाल लागल्यावर बहुतेक जण गुणपत्रिका घेऊन थांबतात. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क भरावं लागतं. भरतीच्या कागदपत्र पडताळणीत तात्पुरतं प्रमाणपत्र दरवेळी चालेलच असं नाही, म्हणून पहिल्याच दीक्षान्त समारंभासाठी अर्ज करा. प्रमाणपत्र हातात आलं की समोरच्या बाजूवर नाव तपासून झाल्यावर ते उलटून बघा. यूजीसीच्या नियमाप्रमाणे मागच्या बाजूला शिक्षणाचा प्रकार, प्रवेशाची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख, अभ्यासकेंद्र आणि परीक्षा केंद्र छापलेलं असतं. प्रवेशाची तारीख तुमच्या पावतीशी जुळत नसेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याचीही पोचपावती घ्या.